टेलच्या वस्तीपर्यंत इंटरनेट : शिरूर-दौंडच्या गावांनी एक जाहीरनामा कसा लिहावा

रेशन दुकानासमोर रांग लागलेली असते. ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेवला की पडद्यावरचे चक्र फिरत राहते. दुकानदार म्हणतो, "नेट नाही, थांबा जरा." रांगेतल्या माणसांच्या मोबाईलवर मात्र रेंजच्या साऱ्या कांड्या भरलेल्या दिसतात. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सरकारी योजनेतली इंटरनेटची डबी लावलेली आहे आणि रस्त्याकडेने केबल पुरल्याच्या खुणाही आहेत. टॉवर, केबल, डबी असे सगळे जागच्या जागी असताना नेट अडते कुठे?

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या बहुतेक गावांना हा अनुभव नवा नाही. पीक पाहणी, सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्तीचा अर्ज, दुधाचे पेमेंट असे एकेक काम इंटरनेटवर गेले. त्यामुळे नेट अडले की माणसाचा दिवस अडतो. यावर गावे निवेदने देतात आणि त्यांत लिहितात, "आमच्या गावाला चांगले इंटरनेट मिळावे." हे वाक्य खरे असले तरी त्यातून काम निघत नाही. कोणी, कुठून, कुठपर्यंत आणि कोणाच्या खर्चाने, हे त्यात कुठेच नसते.

गावांनी एकत्र बसून सामुदायिक इंटरनेटचा जाहीरनामा लिहायचा ठरवले, तर त्याच्या प्रत्येक ओळीमागे या चार प्रश्नांची उत्तरे हवीत. त्यासाठी आधी इंटरनेट गावात येते कसे, ते समजून घेऊ.

कालवा भरलेला, चारी कोरडी

या दोन तालुक्यांना कालव्याची भाषा शिकवावी लागत नाही. दौंडमधून खडकवासल्याचा नवा मुठा उजवा कालवा जातो, तर शिरूरच्या बऱ्याच शिवाराला चासकमानचे पाणी मिळते. आवर्तन सुटले म्हणजे आपल्या वाफ्यात पाणी आले असे होत नाही, हे इथल्या शेतकऱ्याला पक्के ठाऊक असते. कालवा, वितरिका, चारी आणि मग शेत, अशी पाण्याची वाट असते. वरच्यांनी जास्त उचलले किंवा चारी फुटली, तर टेलचा, म्हणजे शेवटच्या टोकाचा, शेतकरी कोरडाच राहतो.

इंटरनेटचीही अशीच टप्प्याटप्प्याची वाट आहे. समुद्राखालून आलेल्या केबली मुंबईच्या किनाऱ्यावर लागतात. तिथून जाड वाहिन्या पुण्यासारख्या शहरांत येतात. हा झाला मुख्य कालवा. शहरापासून तालुक्यापर्यंत आणि तालुक्यापासून गावापर्यंतचा मधला टप्पा म्हणजे वितरिका. गावापासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा ही चारी.

मोबाईलवरच्या कांड्या फक्त तुमचा फोन आणि टॉवर यांच्यातला संकेत किती बळकट आहे तेवढे सांगतात. टॉवरच्या मागून येणारी जोडणी किती रुंद आहे आणि या क्षणी ती किती जण वापरत आहेत, हे त्यांतून कळत नाही. म्हणून कांड्या भरलेल्या असूनही पान उघडत नाही.

थोडे गणित करून पाहू. समजा एका गावाला सेकंदाला 100 मेगाबिटची जोडणी आहे आणि 50 घरे ती एकाच वेळी वापरत आहेत. तर वाट्याला 2 मेगाबिट येतात. तेवढ्यात अर्ज भरता येतो आणि निरोपही जातो, पण स्वच्छ दिसणारा व्हिडिओ अडखळतो, कारण त्याला साधारण 5 मेगाबिट लागतात. प्रत्यक्षात सगळी घरे एकाच क्षणी नेट ओढत नाहीत, म्हणून दुपारी बरे चालते. रात्री आठ-नऊच्या सुमारास सगळे एकदम ओढू लागले की वेग बसतो. थोडक्यात, आहे ती जोडणी वाटून घेण्याचे नियम नसतील, तर ती वाढवूनही टेलच्या माणसाला फरक पडत नाही.

डबीपाशी थांबलेला धागा

ग्रामपंचायतीतली ती डबी भारतनेट योजनेची. केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 ऑक्टोबर 2011 रोजी देशातल्या ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली. 2015 मध्ये तिला भारतनेट हे नाव मिळाले. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख ग्रामपंचायतींचे काम डिसेंबर 2017 मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. पुढच्या टप्प्यात महाराष्ट्राने महानेट या नावाने काम हाती घेतले.

फायबर म्हणजे काचेचा धागा, त्यातून प्रकाशाच्या लुकलुकण्यातून माहिती धावते. सालीसकट या काचेची जाडी 125 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याएवढी असते. ज्या गाभ्यातून प्रकाश जातो, तो फक्त 9 मायक्रॉनचा. रस्त्याच्या कामात जेसीबीच्या दाताने केबल तुटली, तर तांब्याच्या तारेसारखी पीळ देऊन ती जोडता येत नाही. जोडणारा माणूस आधी धाग्यावरचे आवरण सोलतो, अल्कोहोलने काच पुसतो आणि खास कातरीने टोक काटकोनात कापतो. मग दोन्ही टोके यंत्रात समोरासमोर बसवून विजेच्या ठिणगीने वितळवून एकजीव करतो आणि सांध्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवतो. काम काही मिनिटांचे असते, पण यंत्र महाग आणि कारागीर मोजके. गावाचे नेट दहा-दहा दिवस बंद राहते, त्यामागे बहुधा हेच कारण असते : केबल तुटली हे वेळेवर कळत नाही, आणि कळले तरी जोडणारा माणूस लवकर मिळत नाही.

दुसरी अडचण आपल्या वस्तीच्या घडणीत आहे. भारतनेटचा धागा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, म्हणजे गावठाणात येऊन थांबतो. शिरूर-दौंडमधली बरीचशी माणसे मात्र गावठाणाबाहेर राहतात. बागायत वाढली तशी माणसे रानात राहायला गेली. दोन-चार घरांच्या वस्त्या गावापासून कुठे दोन, तर कुठे पाच किलोमीटर लांब पसरल्या. घोड, कुकडी आणि भीमेच्या काठची ही घरे उसाच्या गर्दीत आहेत आणि त्याच उसात बिबट्याचा वावर आहे. रेंज शोधत संध्याकाळी बांधावर किंवा टेकाडावर जाणारे पोर ही साधी गैरसोय राहिलेली नाही, ते जिवावरचे काम झाले आहे. बिबट्या दिसल्याचा निरोप वेळेत पोचायचा असेल, तर तो सर्वांत आधी या वस्त्यांवर पोचायला हवा, आणि नेट सर्वांत कच्चे असते ते तिथेच.

म्हणून जाहीरनाम्यात "गाव" हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला आहे, ते पहिल्याच कलमात यायला हवे. गावठाण जोडले म्हणजे गाव जोडले, ही समजूत तिथेच मोडली पाहिजे.

वस्तीपर्यंत हवेतून जायची वाट

प्रत्येक वस्तीपर्यंत खोदकाम करणे परवडत नाही. तिथे बिनतारी जोडणी कामी येते. वाय-फाय ज्या लहरींवर चालते, त्यांतल्या काही पट्ट्यांसाठी वेगळा परवाना घ्यावा लागत नाही. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात 2005 मध्ये असा खुला झाला, आणि 5 गिगाहर्ट्झमधला मोठा पट्टा ऑक्टोबर 2018 मध्ये. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीवर एक अँटेना आणि वस्तीवरच्या घराच्या छपरावर दुसरी बसवली, तर पाच-सात किलोमीटरची जोडणी सहज होते.

अट एकच, दोन्ही अँटेना एकमेकींना दिसल्या पाहिजेत. नुसते डोळ्यांना दिसून भागत नाही. लहरी जाताना रेषेच्या चहूबाजूंनी थोडी मोकळी जागा मागतात आणि ही जागा मधोमध सर्वांत रुंद असते. पाच किलोमीटरच्या जोडणीत 5.8 गिगाहर्ट्झवर मधोमध या पट्ट्याची त्रिज्या साधारण 8 मीटर भरते. त्यातला निदान साठ टक्के भाग मोकळा हवा. तीन-चार मीटर उभा राहिलेला ऊस, निलगिरीची रांग किंवा नवी पत्र्याची शेड मध्ये आली, की फेब्रुवारीत नीट चालणारी जोडणी ऑक्टोबरमध्ये रडू लागते. म्हणून जागा पाहायची ती उसाची लागण झाल्यावर नव्हे, ऊस पुरता वाढलेला असताना.

पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने ही अडचण वेगळ्या वाटेने सोडवली. दूरदर्शनच्या प्रसारणासाठी राखलेल्या लहरींतले बरेच पट्टे भारतात रिकामे असतात. या कमी वारंवारितेच्या लहरी झाडीतून जास्त चांगल्या जातात. प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या गटाने खास परवानगी घेऊन त्यांवर प्रयोग केले. पुढे 5.8 गिगाहर्ट्झचा खुला पट्टाही वापरला आणि काम पालघरच्या 25 गावांपर्यंत नेले. या प्रकल्पाला 2017 मध्ये मोझिला संस्थेच्या जागतिक स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. आपल्यासाठी त्यातला मोठा धडा तंत्रापेक्षा व्यवस्थेचा आहे. ग्राममार्गच्या मांडणीत सरकार आणि खाजगी कंपनी यांच्या जोडीला पंचायत तिसरी भागीदार आहे. गावातली जोडणी कोणाची, देखभाल कोणाची आणि पैसे कोण गोळा करणार, हे पंचायतीशी ठरवून घेतलेले असते.

आधी कोणी काय केले

महाराष्ट्राने याआधीही एक मोठा प्रयत्न केला आहे. 1998 मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या वारणा परिसरातली 70 गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून तो उभारला. उद्देश मोठे होते : शेतीची माहिती, शिक्षण, दाखले. प्रत्यक्षात गावातले संगणक मुख्यतः उसाच्या नोंदी, तोडीची पाळी आणि हिशेब यांसाठीच वापरले गेले. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाईलवरच्या एसएमएसने तेच काम करून पाहिले, आणि ते स्वस्त आणि सोयीचे ठरले. लोकांना नक्की काय हवे, हे न विचारता यंत्रे आणली तर ती एकाच कामापुरती उरतात, हा वारणेचा धडा आहे.

इंग्लंडच्या लँकेशायर भागात 2011 मध्ये ग्रामस्थांनी बीफोरआरएन ही आपली संस्था काढली. कंपन्या डोंगरातल्या शेतांपर्यंत फायबर आणायला तयार नव्हत्या. तेव्हा शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतून केबल नेण्याची परवानगी मोफत दिली आणि चर खोदायला स्वतः उतरले. स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतात गुइफी नावाचे जाळे 2004 च्या सुमारास ग्रामीण भागात सुरू झाले आणि पुढे हजारो जोडण्यांपर्यंत वाढले. तिथे जाळ्यात सामील होणारा प्रत्येक जण एका लेखी कराराला बांधील असतो : माझ्या जोडणीतून दुसऱ्याची माहिती जाऊ देईन आणि तिच्यात ढवळाढवळ करणार नाही.

बांधावरून केबल किंवा खांब नेण्याचा प्रश्न आपल्याकडे भांडणाचा होऊ शकतो. म्हणूनच तो जाहीरनाम्यात आधी लिहून टाकायचा. कोणाच्या रानातून वाट जाईल, पिकाचे नुकसान झाले तर भरपाई कोण देईल आणि जमीन विकली गेल्यास वाट कायम राहील का, याची उत्तरे कागदावर असली तर खांब उभे राहतात आणि नंतर उपटले जात नाहीत.

जगाने लिहिलेला एक मसुदा

सामुदायिक जाळी चालवणाऱ्या देशोदेशींच्या लोकांनी 2016 मध्ये एक सामायिक जाहीरनामा लिहायला घेतला. जुलैमध्ये मसुद्याचे काम ऑनलाइन सुरू झाले, लोकांनी सूचना पाठवल्या, आणि डिसेंबरमध्ये मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या इंटरनेट विषयक परिषदेत एकत्र बसून त्यावर चर्चा केली. त्यानंतर आणखी सूचना घेऊन त्याला अंतिम रूप दिले. सामुदायिक जाळे कशाला म्हणावे, याच्या सात कसोट्या त्यात आहेत. त्या आपल्या भाषेत अशा सांगता येतील :

- जाळे सामायिक मालकीचे असावे.
- ते लोकांनीच चालवावे.
- त्याची रचना आणि कारभार सर्वांना पाहता यावा.
- नियम पाळणाऱ्या कोणालाही ते पुढे वाढवता यावे.
- शेजारच्या जाळ्यांशी शक्यतो पैसे न घेता देवाणघेवाण करावी.
- सुरक्षितता आणि खाजगीपणा पहिल्यापासून सांभाळावा.
- स्थानिक भाषेतला मजकूर तयार व्हावा आणि फिरावा.

या कसोट्या जशाच्या तशा उचलून शिरूर-दौंडचा जाहीरनामा होत नाही. "लोकांनी चालवावे" म्हणजे इथे नक्की कोणी? बचत गटाने, दूध संस्थेने, विकास सोसायटीने की ग्रामपंचायतीने? शेवटच्या कसोटीत मात्र एक उपयोगी गोष्ट दडली आहे. गावातले जाळे आणि बाहेरचे इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेत एक छोटा सर्व्हर ठेवून त्यावर धडे, ग्रामपंचायतीच्या सूचना आणि पाण्याच्या पाळीचा तक्ता साठवला, तर तालुक्याकडची केबल तुटली तरी वस्तीवरचे पोर तो धडा पाहू शकते. बाहेरचे आवर्तन थांबले तरी गावच्या तळ्यातले पाणी वापरता येते, तसेच हे.

कायद्याच्या कक्षेत राहून

इंटरनेट विकत घेऊन ते परवान्याशिवाय घरोघर पैसे घेऊन वाटता येत नाही. उत्साहात हे विसरले तर सगळे काम अडचणीत येते. कायदेशीर वाट मात्र आता सोपी आहे. 9 डिसेंबर 2020 रोजी मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यात किराणा दुकान, चहाची टपरी किंवा बचत गट सार्वजनिक वाय-फायचे केंद्र चालवू शकतो आणि त्यासाठी परवाना, नोंदणी किंवा शुल्क लागत नाही. अशी अनेक केंद्रे जोडून त्यांचा हिशेब आणि ग्राहकांची ओळख सांभाळणारी संस्था वेगळी असते. तिला दूरसंचार विभागाकडे नोंदणी करावी लागते. केंद्रचालकांना जोडणी महाग पडते अशी तक्रार होती. त्यावर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जून 2025 मध्ये 200 मेगाबिटपर्यंतच्या जोडणीसाठी कमाल दर ठरवून दिला : घरगुती ग्राहकाच्या दराच्या दुपटीपेक्षा जास्त नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने भारतनेटच्या सुधारित कार्यक्रमाला 1,39,579 कोटी रुपये मंजूर केले. त्यातल्या दोन गोष्टी शिरूर-दौंडसाठी महत्त्वाच्या आहेत. पहिली, ग्रामपंचायती वर्तुळाकार जोडणीत घ्यायच्या, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने नेट येत राहील. दुसरी, ग्रामपंचायतीचे मुख्यालय नसलेल्या गावांना मागणीवरून जोडणी द्यायची. हा "मागणीवरून" शब्द जाहीरनामा लिहिणाऱ्यांनी अधोरेखित करून ठेवावा.

दोन तालुके कशासाठी

एका गावाने किंवा एका तालुक्याने हे का करू नये? कारण जोडणीला दोन तोंडे हवीत. दौंड हे रेल्वेचे जंक्शन आहे. पुणे-सोलापूर, दौंड-मनमाड आणि दौंड-बारामती या मार्गांच्या कडेने रेल्वेच्या रेलटेल कंपनीचे फायबर धावते. शिरूरच्या बाजूला पुणे-अहिल्यानगर रस्ता आणि रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, आणि कारखान्यांमुळे तिथे जोडण्या पोचलेल्या आहेत. मधून भीमा वाहते. नदीवरून केबल न्यायची तर पूल, परवानग्या आणि मोठा खर्च येतो. बिनतारी जोडणीला ते काही लागत नाही, दोन्ही काठांवरच्या उंच टाक्यांवर समोरासमोर अँटेना बसवल्या की काम होते. शिरूरकडचा मार्ग तुटला तर दौंडकडून आणि दौंडकडचा तुटला तर शिरूरकडून नेट येऊ शकते.

ही सोय एका ग्रामपंचायतीच्या हातची नाही. आपली वाहिनी दुसऱ्याच्या अडचणीत खुली करण्याचे वचन दोन्ही काठांनी एकमेकांना द्यावे लागते. म्हणून हा जाहीरनामा सामायिक हवा.

मसुदा लिहायचा कसा

सामूहिक निर्णयाचे सर्वांत चांगले उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. अवघड विषयाचा अभ्यास करायला वेगळा अभ्यास गट असतो. तो माहिती जमवतो, बाहेरच्या जाणकारांना विचारतो आणि बाजू मांडतो. निर्णय मात्र ग्रामसभाच घेते. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होते. त्यामागे अनेक वर्षांची ही शिस्त होती.

शिरूर-दौंडमध्ये हीच रीत पायरीपायरीने अशी वापरता येईल.

पहिली पायरी मोजणीची. प्रत्येक वस्तीवर सकाळी, दुपारी आणि रात्री आठ वाजता वेग मोजायचा आणि वहीत लिहायचा. हे काम आठवी-नववीची मुले आणि बचत गटातल्या ताई उत्तम करतात. गावाच्या नकाशावर हे आकडे मांडले, की टेल कुठे आहे ते सर्वांना दिसते.

दुसरी पायरी विचारण्याची. ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. नेट कशाला हवे, हा प्रश्न तिथे आधी ठेवायचा. तिथली उत्तरे वेगळी असतात : रेशनचा अंगठा, गरोदर बाईसाठी रुग्णवाहिकेचा फोन, लांब नोकरीला गेलेल्या मुलीशी बोलणे. मुले मोबाईलच्या नादी लागतील ही हरकतही तिथूनच येईल. तिला उडवून लावू नये. अभ्यासासाठी शाळेत किंवा वाचनालयात ठराविक वेळ नेट देण्याचे कलम त्या हरकतीतून निघू शकते. लहरींनी तब्येतीला अपाय होईल या भीतीलाही असेच आकड्याने उत्तर द्यावे : 2.4 गिगाहर्ट्झच्या खुल्या पट्ट्यात अँटेनातून निघणारी परिणामी शक्ती 4 वॅटपेक्षा जास्त असू नये, असा नियम आहे. ही मर्यादा मोबाईल टॉवरच्या कितीतरी खाली आहे.

तिसरी पायरी वाक्ये घासण्याची. "सर्वांना वेगवान इंटरनेट मिळावे" या ओळीत करणारा कोणीच नाही. तीच ओळ अशी लिहून पाहावी : "गावठाणापासून सर्वांत दूरची वस्ती सर्वांत आधी जोडली जाईल. शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र आणि रेशन दुकान येथील जोडणी बंद पडल्यास त्याच दिवशी नोंद होईल आणि तीन दिवसांत दुरुस्ती न झाल्यास कारण ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल." आता प्रत्येक शब्दाचा जाब विचारता येतो.

टेलपासून सुरुवात करण्याची ही कल्पना हवेतली नाही. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड धरणावर 1990 च्या सुमारास पहिल्या पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या त्या ओझर परिसरात, म्हणजे टेलला, कारण पाणी तिथेच पोचत नव्हते. पुढे संपूर्ण प्रकल्पाचे वाटप शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले. टेलला पाणी पोचते याची खात्री झाली, की वरच्याला ते मिळतेच. उलट क्रमाने ही हमी मिळत नाही.

चौथी पायरी पैशाची. समजा 60 घरांनी दरमहा 150 रुपये दिले, तर 9,000 रुपये जमतात. त्यातून जोडणीचे भाडे, वीज, देखभाल करणाऱ्याचे मानधन आणि राखीव निधी, असे चार भाग पहिल्याच दिवशी पाडायचे. पहिले तीन सगळ्यांना सुचतात, चौथा विसरला जातो. विजेच्या कडकडाटात यंत्र जळाले की जाळे बंद पडते आणि पुन्हा उभे राहत नाही, कारण राखीव पैसाच नसतो.

पाचवी पायरी हातांची. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायची रीत तिथे रुजली आणि 2002 मध्ये अमेरिकेबाहेरच्या पहिल्या फॅब लॅबपैकी (यंत्रांवर हव्या त्या वस्तू घडवायच्या कार्यशाळांपैकी) एक तिथे उभी राहिली. वेल्डिंग, वायरिंग आणि बांधकाम शिकलेल्या तरुणांना अँटेना लावणे, सौर पॅनेल जोडणे आणि फायबरचा सांधा करणे अवघड नाही. दर काही गावांमागे असे दोन तरुण आणि दोन तरुणी तयार करायच्या, हे जाहीरनाम्यातच लिहावे.

सहावी पायरी मंजुरीची. प्रत्येक ग्रामसभेत एकच मजकूर, एकाच भाषेत मांडायचा. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यांतली जी संख्या कमी असेल ती. सही करणारी गावे थोडी असली तरी चालतील, पण सभा भरलेली हवी. हरकत घेणाऱ्याचे म्हणणे आणि त्याला दिलेले उत्तर इतिवृत्तात यावे. वर्षभराने तोच मजकूर पुन्हा सभेपुढे ठेवून कोणते कलम पाळले आणि कोणते राहिले, ते वाचून दाखवावे.

चौकट : जाहीरनाम्यात हवीतच अशी कलमे

- गाव म्हणजे गावठाण आणि सर्व वस्त्या. जोडणीची सुरुवात सर्वांत दूरच्या वस्तीपासून.
- मालकी सामायिक. चालवणारी संस्था कोणती, ते नावानिशी.
- शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र आणि रेशन दुकानाला प्राधान्य. गर्दीच्या वेळी वेग वाटण्याचा नियम.
- बांधावरून, छपरावरून आणि टाकीवरून जायच्या वाटेची लेखी संमती. नुकसानभरपाईची रीत.
- वर्गणी, हिशेब आणि राखीव निधी. हिशेब दर तिमाहीला फलकावर.
- तक्रारीची नोंद आणि दुरुस्तीची मुदत. स्थानिक तरुण-तरुणींचे प्रशिक्षण.
- ग्राहकाची माहिती कायद्याला लागते तेवढीच ठेवायची, कोणाला विकायची नाही.
- भीमेच्या दोन्ही काठांनी अडचणीत एकमेकांना वाहिनी खुली करायची.
- दरवर्षी ग्रामसभेत आढावा आणि दुरुस्ती.

आता काय करायचे

सुरुवातीला पैसा लागत नाही. ग्रामसभा साधारणपणे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या सुमारास होतात. यांतली जी पुढे येत असेल, तिच्या विषयपत्रिकेवर "गावातील व वस्त्यांवरील इंटरनेट" हा विषय घालायला सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना लेखी सांगावे. सभेआधीच्या पंधरवड्यात मोजणी करावी. सभेत अभ्यास गट नेमावा आणि त्यात टेलच्या वस्तीवरचा निदान एक माणूस आणि निदान निम्म्या स्त्रिया असाव्यात. मग नदीपलीकडच्या गावाला आपला मसुदा पाठवून त्यांचा मागवावा.

सुधारित भारतनेट मागणीवरून जोडणी देतो. एखाद्या गावाचा सुटा अर्ज टेबलावर पडून राहतो, असा आपला सगळ्यांचा अनुभव आहे. पण दोन तालुक्यांतल्या गावांनी एकाच मजकुराचा ठराव केला, प्रत्येक वस्तीचा मोजलेला वेग सोबत जोडला, केबलची वाट कोणाच्या रानातून जाईल आणि देखभाल कोण करील हेही लिहून दिले, तर नाही म्हणायला कारण उरत नाही. आणि सरकारकडून उत्तर यायला उशीर झाला, तरी गावांच्या हाती आपल्या जाळ्याचा नकाशा, ते चालवायचे नियम आणि ते सांभाळणारी माणसे आलेली असतील. पहिली वस्ती जोडायला एवढे पुरेसे आहे.